त्या सकाळी मी गप्प का राहिले

मित्रांनो, मी एक जुनी काचेची पेटी आहे. पेटी म्हटलं की तुम्हाला कपड्यांची नाहीतर वाजवायची पेटी आठवेल. मी त्यातली नव्हे. दिवस भरायच्या आधी जन्माला आलेल्या बाळांना ऊब मिळावी म्हणून दवाखान्यात ज्या पेटीत ठेवतात, ती मी. "बाळ पेटीत आहे" असं घरची माणसं एकमेकांना हलक्या आवाजात सांगतात ना, त्यातली.

अकरा वर्षं मी हे काम करते आहे. चारशेहून जास्त बाळं माझ्यात निजून, वाढून, आपापल्या घरी गेली. पण आज मी स्वतःचं कौतुक सांगायला बसलेले नाही. एका सकाळी मी गप्प राहिले आणि त्याचं खापर भलत्याच माणसाच्या डोक्यावर फुटलं. खरं काय ते मला एकटीला माहीत होतं आणि मला बोलता येत नव्हतं. तेव्हापासून ही गोष्ट माझ्या पोटात सलते आहे, म्हणून तुम्हाला सांगते.

माझा जन्म एका छोट्या कारखान्यात झाला. लांबट खोली, भिंतीला लागून टेबलं, टेबलांवर स्क्रूंच्या डब्या आणि तारांची भेंडोळी. माझी काच कुणी बसवली, चाकं कुणी लावली, ते आता आठवत नाही. पण मला अक्कल कुणी दिली ते पक्कं आठवतं. तिथे एक बाई होत्या. दोरीला अडकवलेला चष्मा, पुढ्यात कायम गार झालेला चहा, आणि काम करताना यंत्राशीच भांडायची सवय. "आता तू का अडून बसलायस? ऊठ की बाबा!" असं त्या पडद्याकडे बघून म्हणायच्या. सगळे त्यांना नुसतंच 'बाई' म्हणायचे, तेव्हा मीही बाईच म्हणते.

आता थोडं माझ्या पोटातलं सांगायला हवं, नाहीतर पुढचं तुम्हाला कळायचं नाही. माझ्या आत एक छोटा संगणक आहे. त्या संगणकाचा एक कारभारी असतो, त्याला कर्नेल म्हणतात. बटण दाबलं की आधी हा उठतो आणि मग बाकीच्यांना उठवतो. ही बाकीची मंडळी म्हणजे माझे अवयव. बाळाच्या पोटावर चिकटवायचा पोट-सेन्सर, बाळ किती गरम, किती गार हे सांगणारा. हवेचं तापमान सांगणारा हवा-सेन्सर. ऊब देणारा हीटर. काही बिघडलं की ओरडणारा अलार्म. आणि पोट-सेन्सरला वीज पुरवणारं पॉवर कार्ड. कर्नेलला यांची भाषा थेट येत नाही. म्हणून प्रत्येकासाठी एक छोटा प्रोग्रॅम लिहावा लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. हे सगळे ड्रायव्हर बाईंनी लिहिले.

यातली खरी मेख उठण्याच्या क्रमात आहे. पॉवर कार्ड उठल्याशिवाय पोट-सेन्सरला वीज नाही. त्याला वीज मिळायच्या आत त्याच्या ड्रायव्हरनं हाक मारली, तर ओ कोण देणार? आणि ओ आली नाही की तो ड्रायव्हर शहाणा "सापडला नाही" एवढं लिहून जो निघून जातो, तो पुन्हा फिरकत नाही. मागाहून सेन्सर डोळे चोळत उठला तरी त्याला विचारायला कुणी नसतं.

माझ्या बाबतीत हे कारखान्यातच दिसलं होतं. मला रवाना करायच्या आदल्या दिवशी दहातून एखाद्या वेळी पोट-सेन्सर सापडेना. बाईंनी लगेच ओळखलं. कोण कुणावर अवलंबून आहे हे नीट लिहून काढायचं आणि त्या यादीप्रमाणे सगळ्यांना उठवायचं, हा खरा उपाय. पण त्याला तीन-चार दिवस तरी हवे होते. टेंपो दारात उभा होता आणि कारखान्याचे साहेब दर तासाला खोलीत डोकावून "झालं का?" विचारत होते. मग बाईंनी पोट-सेन्सरच्या ड्रायव्हरमध्ये एकच ओळ घातली. दोन सेकंद थांब, मग हाक मार.

जादूच झाली. पन्नास वेळा मला बंद-चालू केलं आणि पन्नासही वेळा सेन्सरनं ओ दिली. बाईंनी त्या ओळीच्या शेजारी टीप लिहिली, "सध्यापुरतं. नंतर नीट करायचं." साहेबांनी टाळी वाजवली आणि मी टेंपोत चढले. हे काम करणाऱ्यांपैकी बहुतेकांनी कधी ना कधी अशी एक ओळ लिहिलेली असते. लिहिताना सगळ्यांना ठाऊक असतं की हे काही खरं नाही. पण ओळ चालते, आणि चालणाऱ्या गोष्टीला हात लावायला कुणाला वेळ असतो?

आणखी एक गोष्ट बाईंनी तेव्हा केली, आणि ती त्यांना चूक वाटलीही नाही. अलार्मला त्यांनी रांगेत पोट-सेन्सरच्या मागे उभं केलं. त्यांचा हिशोब सरळ होता. सेन्सर आकडा सांगेल तेव्हाच अलार्म ओरडणार ना? मग आधी उठून तो करणार काय?

दवाखान्यातली माझी पहिली वर्षं फार सुखाची गेली. मी सहसा बंदच पडत नसे. एक बाळ गेलं की पुसून लगेच दुसरं. आया काचेच्या गोल खिडकीतून हात घालून बाळाची बोटं मोजत बसायच्या. एक बाप रोज संध्याकाळी काचेला नाक लावून पोराला दिवसभराच्या गमती सांगायचा, आणि मागून सिस्टर करवादायच्या, "अहो, आत्ताच पुसलीय ती काच!" पुढे एकदा तोच पोरगा शाळेचं दप्तर पाठीला लावून मला बघायला आला होता. "मी यात मावायचो?" म्हणाला. तो दिवस मी विसरणार नाही.

मग मी जुनी झाले. माझ्याहून नव्या, चकचकीत पेट्या आल्या, आणि मला गरज पडेल तेव्हाच बाहेर काढू लागले. वर्षातून एकदा एक तपासनीस यायचा. काचेवरून बोट फिरवायचा, पडद्यावरचा आकडा बघायचा आणि सही करून चहाला जायचा. माझं पॉवर कार्ड म्हातारं होत चाललंय हे त्याला कसं कळावं? उन्हाळ्यात ते पूर्वीसारखंच झटकन उठायचं. पण गारठ्यात त्याला तीन सेकंद लागू लागले, कधी साडेतीन. सेन्सरचा ड्रायव्हर मात्र नेमाने दोनच सेकंद थांबायचा.

आता त्या सकाळचं सांगते.

वॉर्डात दोन सिस्टर होत्या. मोठ्या सिस्टर पंचवीस वर्षं मुरलेल्या, बोलायला फटकळ. आणि धाकटी सिस्टर, नोकरीला लागून जेमतेम दोन वर्षं झालेली. या धाकटीला बाळांचा फार लळा. पडद्यावर आकडा दिसत असला तरी ती बाळाच्या तळपायाला हात लावून बघायचीच. मोठ्या सिस्टर तिला चिडवायच्या, "एवढं महागाचं यंत्र कशाला आणलंय मग? तुलाच टांगून ठेवू की भिंतीला!" धाकटी हसायची आणि पुन्हा हात लावायची.

दोन दिवस मी धुवून पुसून कोपऱ्यात बंद होते. थंडी कडाक्याची. सकाळी आठच्या सुमाराला एक मुलगी जन्मली, सव्वा किलोची. नव्या पेट्या भरलेल्या होत्या. धाकटीनं मला ओढत आणलं आणि बटण दाबलं.

कर्नेल उठला. पॉवर कार्ड कण्हत कुंथत उठू लागलं. सेन्सरच्या ड्रायव्हरनं दोन सेकंद मोजले, हाक मारली, ओ आली नाही, "सापडला नाही" लिहिलं आणि निघून गेला. सव्वा सेकंदानं पॉवर कार्ड उठलं, सेन्सरही जागा झाला, पण तोवर खेळ आटोपला होता. आणि अलार्म? तो बिचारा सेन्सरच्या मागे रांगेत उभाच. पुढचा हललाच नाही, तर हा कसा हलणार?

हवा-सेन्सर मात्र वेळेवर उठला होता, त्यामुळे हीटरनं रिकामी पेटी छान तापवली. धाकटीनं आत हात घालून ऊब पाहिली, मुलीला अलगद ठेवलं, पोट-सेन्सर तिच्या पोटावर चिकटवला, साडेछत्तीस अंश लावले आणि मला बाळाच्या तापमानावर चालायला सांगितलं. हीटर थांबला आणि पोट-सेन्सरच्या आकड्याची वाट बघू लागला. पडद्यावर साडेछत्तीस उमटलं. मित्रांनो, ते मुलीचं तापमान नव्हतं. ते धाकटीनं मागितलेलं तापमान होतं. खरा आकडा येईपर्यंत मागितलेला आकडा दाखवत राहायचं, अशी मला शिकवण होती. खरा आकडा कधी येणारच नव्हता.

धाकटीनं पडदा पाहिला. मुलीच्या पायाकडे हात नेत होती, तेवढ्यात पलीकडून मोठ्या सिस्टरची हाक आली, "पळ! याचा श्वास थांबलाय!" ती धावली. धावायलाच हवं होतं. त्या बाळाशी दोघी चाळीस मिनिटं झगडल्या आणि ते वाचलं. आणि इकडे मी हळूहळू गार होत गेले. आधी काच, मग गादी, मग ती मुलगी. आधी तिनं पाय झाडले, मग तेही थांबवलं. मला सगळं कळत होतं आणि मी हूं की चूं करू शकत नव्हते. मी त्या चाळीस मिनिटांत जेवढी भ्याले तेवढी आजवर कधी भ्याले नाही.

धाकटी परतली. दमलेली, कपाळावर घाम. पडद्यावर साडेछत्तीस बघून तिनं सुस्कारा टाकला आणि सवयीनं पायाला हात लावला.

"अगं बाई! ही तर गार पडलीय!"

तिनं मुलीला उचललं, कापडात गुंडाळलं आणि धावत नेऊन आईच्या उघड्या छातीवर ठेवलं, वरून दोन दुलया. तापमान चौतीसच्याही खाली गेलं होतं. दुपारपर्यंत मुलीच्या ओठांवर रंग आला. ती वाचली. तिला वाचवणारीही धाकटीच, हे लक्षात ठेवा, कारण नंतर ते कुणाच्याच लक्षात राहिलं नाही.

दुपारी मोठे डॉक्टर आले. माझ्यासमोरच चौकशी झाली.

"पडद्यावर साडेछत्तीस होतं म्हणता, आणि बाळ चौतीसच्या खाली?"

"हो सर."

"अलार्म?"

"वाजला नाही सर."

"वाजला नाही, की वाजू दिला नाही?" माझ्या अंगावर अलार्म बंद करायचं एक बटण आहे. डॉक्टरांनी त्यावर बोट ठेवलं. "हे कुणी दाबलं?"

"मी हात नाही लावला सर."

मग विजेच्या मिस्त्रीला बोलावलं. त्यानं मला बंद करून पुन्हा चालू केलं. माझी काच गार असली तरी सकाळपासून चालू असल्यानं आतलं पॉवर कार्ड तापलेलं, ते चटकन उठलं, दोन सेकंद पुरले, सगळे शहाण्यासारखे रांगेत हजर. त्यानं सेन्सर ओढून काढला, तर अलार्मनं वॉर्ड डोक्यावर घेतला. "यंत्र ठणठणीत आहे सर," मिस्त्री म्हणाला. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला माझ्याच अलार्मची चीड आली. सकाळी कुठे मेला होतास रे?

डॉक्टर धाकटीकडे वळले. "तिकडे गडबड होती. इथला आवाज नको म्हणून जाता जाता बटण दाबलं असेल. होतं असं. नीट आठवून सांगा, नक्की नाही दाबलं?"

धाकटीनं त्या बटणाकडे पाहिलं. "नाही... म्हणजे, मला नाही आठवत सर."

तेवढंच पुरलं. तिला घरी बसायला सांगितलं. हातात एक कागद दिला, "माझ्या हातून अलार्म बंद राहिला." आठ दिवसांत सही करून द्यायचा. सही केली असती तर तिला बाळांच्याच काय, कुठल्याच वॉर्डात पुन्हा कुणी उभं केलं नसतं.

मोठ्या सिस्टरनी मात्र माघार घेतली नाही. "पोरगी वेंधळी असेल, खोटारडी नाही," असं त्यांनी डॉक्टरांना तोंडावर सांगितलं आणि स्वतः कारखान्याला फोन लावला.

चार दिवसांनी बाई आल्या. केस पांढरे झालेले, चष्म्याची दोरी मात्र तीच. मला बघून म्हणाल्या, "काय गं, अजून आहेस होय?" मला रडावंसं वाटलं.

माझ्या पोटात एक रोजनिशी असते. उठताना कोण कधी उठलं, कोण नाही, सगळं त्यात आपोआप लिहिलं जातं. बाईंनी त्यांचा लॅपटॉप मला जोडला आणि त्या सकाळचं पान काढलं. त्यांनी ते दोनदा वाचलं. मग त्यांनी त्यांचीच अकरा वर्षांपूर्वीची टीप उघडली.

फोन वाजला. कारखान्याचे साहेब.

"काय निघालं बाई?"

"माझे दोन सेकंद निघाले साहेब. कार्ड म्हातारं झालंय, त्याला आता दोन पुरत नाहीत."

"मग पाच करा."

"अहो, पण..."

"पाच करा, दहा करा. दवाखान्याला सांगा, वायर सैल होती. अशा अडतीस पेट्या बाहेर आहेत बाई. तुम्ही तिथे कबुली देऊन बसलात, तर उद्या मला अडतीस फोन येतील."

"यायलाच हवेत ना ते?"

"आधी ती चालू करा, मग बघू," म्हणून साहेबांनी फोन ठेवला.

आणि मित्रांनो, बाईंनी पाच केले. मी त्यांना दोष देत नाही, पण केले. दहा वेळा मला बंद-चालू केलं आणि दहाही वेळा सेन्सर सापडला. त्या लॅपटॉप मिटून पिशवीत घालत होत्या, तेवढ्यात दारात धाकटी उभी राहिली. घरच्या कपड्यांत, हातात तो कागद. अजून सही केलेली नव्हती. डोळ्यांखाली काळी वर्तुळं.

"तुम्ही कारखान्याच्या बाई ना? मला एकच सांगा हो. मी ते बटण दाबलं होतं का?"

बाईंनी पिशवी उचलली.

"चार दिवस झोप नाही मला. डोळे मिटले की माझा हात त्या बटणाकडे जाताना दिसतो. खरंच गेला होता, की सगळे म्हणतात म्हणून दिसतो, तेच कळत नाही. गेला असेल तर तसं सांगा. मी सही करून मोकळी होते."

आता या म्हणणार, वायर सैल होती. मी धास्तावले. वायर सैल म्हटली तरी दोष धाकटीचाच, कारण ती लावणारी तीच. बाईंनी पिशवी खाली ठेवली. लॅपटॉप पुन्हा उघडला.

"बस इथे. ही ओळ वाच."

धाकटीनं वाचलं. "अलार्म, पोट-सेन्सरची वाट पाहत आहे."

"आणि त्याखाली?"

"खाली काहीच नाही."

"मिस्त्रीनं बंद-चालू करेपर्यंत काहीच नाही. तो वाट बघतच राहिला. जो उठलाच नव्हता, त्याला तू बंद कसं करशील?"

धाकटीनं ती ओळ पुन्हा वाचली. मग हळूच म्हणाली, "पण सेन्सर सापडला नाही तर ओरडायचं कामच त्याचं ना? मग त्याला सेन्सरच्या मागे कुणी उभं केलं?"

"मी," बाई म्हणाल्या.

वॉर्डात कुणाचं तरी बाळ रडत होतं. धाकटी रागावेल असं मला वाटलं. तिनं फक्त विचारलं, "आता काय केलंत?"

"दोनाचे पाच सेकंद."

"आणि ही आणखी म्हातारी झाली की?"

बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग पाचाची ती ओळच खोडून टाकली.

पुढचे दोन दिवस बाई माझ्याशेजारच्या स्टुलावरून हलल्या नाहीत. प्रत्येक अवयवापुढे त्यांनी लिहिलं, याला उठायला कोण लागतं. आणि प्रत्येक ड्रायव्हरला शिकवलं की हाकेला ओ आली नाही तर निघून जायचं नाही, कर्नेलला सांगायचं, "माझा माणूस अजून उठला नाही, मला पुन्हा बोलाव." घड्याळ बघायचं नाही, ओ येते का ते बघायचं.

बटण दाबलं, आणि मी उठलेच नाही! एकही अवयव हलेना. साहेबांचा फोन आला तेव्हा ते ओरडले, "अहो, आधी निदान उठत तरी होती!" बाईंनी फोन पालथा घातला आणि कागदावर बाण काढत बसल्या. तेव्हा घोळ कळला. सेन्सर थांबला होता पॉवर कार्डासाठी. पॉवर कार्ड थांबलं होतं अलार्मसाठी, कारण फार तापलं तर त्यालाही अलार्मच वाजवावा लागतो. आणि अलार्म थांबला होता सेन्सरसाठी. तिघं एकमेकांना "आधी तू, आधी तू" म्हणत बसले होते. पूर्वी हे कधी दिसलं नाही, कारण पूर्वी कुणी खरं लिहिलंच नव्हतं. पॉवर कार्डाला अलार्म सापडला नाही तर ते तसंच मुकाट पुढे जायचं.

धाकटी खांद्यावरून बघत होती. ती रोज येऊन बसायची, तिला घरी करमेना. तिनं अलार्मवर बोट ठेवलं. "याला कशाला कुणाची वाट बघायला लावता? मी ड्यूटीवर आले की आधी मी जागी असायला हवं ना? बाळं मागाहून."

बाईंनी अलार्मचा बाण खोडला. आता अलार्म सगळ्यांच्या आधी उठतो, कुणाचीही वाट न बघता. मग पॉवर कार्ड, मग पोट-सेन्सर, शेवटी हीटर. आणि उठल्याबरोबर अलार्मचं पहिलं काम हेच, की मागचे सगळे आले का ते मोजायचं आणि एक जरी कमी असला तरी ओरडायचं. खरा आकडा येईपर्यंत पडद्यावर आता नुसत्या रेघा दिसतात.

मग मला मुद्दाम छळलं. रात्रभर बंद ठेवून सकाळी उघड्या खिडकीशी नेलं, औषधांच्या फ्रीजमधल्या बर्फाच्या पिशव्या पॉवर कार्डाभोवती ठेवल्या आणि बटण दाबलं. कार्डाला चार सेकंद लागले. सेन्सरचा ड्रायव्हर थांबला, पुन्हा आला, आणि सेन्सरनं ओ दिली. मग बाईंनी पॉवर कार्डाची तारच काढली. अलार्म एकदम कडाडला. धाकटी तोंडावर पदर धरून रडली. त्या दिवशी वाजायला हवा होता तो आवाज तिनं आठ दिवसांनी ऐकला.

आवाजानं मोठे डॉक्टर धावत आले. बाईंनी त्यांना रोजनिशीचं पान दाखवलं आणि सरळ सांगितलं, "चूक माझी आहे. या मुलीनं काहीही केलेलं नाही." डॉक्टरांनी कागद परत घेतला. माफी नाही मागितली, "गैरसमज झाला" एवढं म्हणाले. बाईंनी माझ्याचशेजारी बसून अडतीस दवाखान्यांना पत्र लिहिलं, खाली स्वतःची सही केली आणि साहेबांना न विचारता पाठवलं. त्यानंतर साहेबांनी त्यांचं काय केलं ते मला माहीत नाही. माझं पॉवर कार्ड बदललं. ती सव्वा किलोची मुलगी अडीच किलोची होऊन घरी गेली.

झालं ना सगळं नीट? मलाही तसंच वाटलं होतं. पण धाकटी बाळांच्या वॉर्डात परत आली नाही. तिनं वरच्या मजल्यावर म्हाताऱ्यांचा वॉर्ड मागून घेतला. मोठ्या सिस्टरनी तिला खूप समजावलं, दोन शिव्याही हासडल्या. "अगं, बाईंनी लिहून दिलंय ना!"

"दिलंय हो," ती म्हणाली. "पण मी मनात चार दिवस कबूल करून टाकलं होतं. आता बाळापाशी उभी राहिले की वाटतं, आपण काहीतरी बंद केलंय."

मित्रांनो, माझी काळजी घ्या, हे सांगायला मी विसरणार नाही. जुन्या यंत्राची नुसती काच पुसू नका, त्याच्या आत कोण कुणाची वाट बघतंय ते बघा. 'नंतर' म्हणून सोडलेलं काम कुठे लिहून ठेवलं असेल, तर आज ते पान उघडा. पण माझं मागणं याहून वेगळं आहे. आता मी रिकामी असले की रोज सकाळी मला चालू करून बघतात, आणि उठले की अलार्म आधी एकदाच वाजतो, "मी जागा आहे" सांगायला. पुष्कळ सकाळी त्या वेळी धाकटी जिना चढण्यापूर्वी वॉर्डाच्या दारात थांबते, तो एक आवाज ऐकते आणि आत न येता वर निघून जाते. मला तिला हाक मारता येत नाही. तुम्हाला येते. तुमच्या आसपास अशी कुणी असेल, न केलेली चूक मनात धरून बसलेली, तर तिला थांबवा आणि सांगा. एकदा सांगून तिला पटणार नाही. पुन्हा सांगा.